वीणा खाली ठेवायची नसते

तुकोबारायांची पालखी दर आषाढात आमच्या भागातून जाते. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी आणि मग नीरा ओलांडून अकलूज. लहानपणापासून मी रस्त्याच्या कडेला उभा राहून ही दिंड्यांची रांग पाहत आलो आहे. टाळ असतात, पखवाज असतो, पताका असतात. पण माझं लक्ष नेहमी विणेकऱ्याकडे जायचं. दिंडीत त्याचा मान मोठा. गळ्यात घेतलेली वीणा त्यानं जमिनीवर ठेवायची नाही. तो दमला, तर दुसरा पुढे येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. गावोगावच्या सप्ताहातही विणेचा पहारा असतो. रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झोप असताना माणूस उठतो, पाय धुतो आणि वीणा घ्यायला उभा राहतो.

हा नियम भक्तीचा आहे, एवढंच मला इतकी वर्षं ठाऊक होतं. तो कारागिरीलाही लागू पडतो, हे मला एका तंबोऱ्यामुळे समजलं.

इंदापूरच्या माझ्या एका मित्राच्या घरी त्याच्या वडिलांचा तंबोरा आहे. वडील भजनाला बसत, गळा गोड होता. ते गेल्यावर तंबोरा बरीच वर्षं खोळीत राहिला. मुलीला गाणं शिकवायचं ठरलं, तेव्हा मित्रानं तो बाहेर काढला आणि जवळपासच्याच एकाकडे दुरुस्तीला दिला. तारांनी घोडीवर चरे पाडले होते. दुरुस्त करणाऱ्यानं घोडी कानशीनं घासून अगदी सपाट, आरशासारखी गुळगुळीत करून दिली. दिसायला सुरेख झाली. पण तार छेडली की ‘टण्ण’ असा एक कोरडा आवाज यायचा आणि विरून जायचा. मित्र म्हणाला, "जुना झाला रे आता. भिंतीला शोभेला लावू." मी म्हटलं, भिंतीला लावण्याआधी एकदा मिरजेला दाखवू. एसटीनं फलटण, विटा करत आम्ही तो तंबोरा मांडीवर घेऊन मिरजेला गेलो.

तिथल्या कारागिरानं खोळ काढली, एक तार छेडली, कान घोडीजवळ नेला आणि एवढंच म्हणाला, "जवार गेलीय." मग तो खाली बसला. तारा सैल केल्या, घोडीवर बारीक कानस फिरवली, तार पुन्हा चढवली, ऐकली, पुन्हा उतरवली. कधी दोनच घासे, कधी एक. दीड-दोन तास हेच चाललं होतं. शेवटी त्यानं तारेखाली सुती दोऱ्याचा एक तुकडा सरकवला, तो केसाएवढा पुढे-मागे केला आणि तार छेडली. खोलीत जणू कुणी झाकण उघडलं. एका तारेतून स्वरांची अख्खी झुंबड बाहेर आली. माझ्या मित्राच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "हा आवाज घरात होता. मी विसरलो होतो."

ही जवार म्हणजे काय, ते थोडं सांगतो. व्हायोलिनची घोडी पातळ असते, तार तिच्या धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या माथ्याला अगदी मंद उतार असतो, डोळ्यांना सहज न दिसणारा. तार कंप पावते तेव्हा ती या उताराला पुन्हा पुन्हा हलकेच घासून जाते. त्यामुळे मूळ स्वरासोबत त्याचे उपस्वर मोठे होऊन ऐकू येतात. दोऱ्याचा तुकडा तार आणि घोडी यांच्यामधलं अंतर नेमकं ठेवतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, असं गवई सांगतात. गंधाराची तार तंबोऱ्याला नसतेच, तो त्या उपस्वरांतून येतो.

सर सी. व्ही. रामन यांनासुद्धा या घोडीनं मोह घातला होता. तंबोरा आणि वीणा यांच्यावर त्यांनी १९२१ मध्ये एक निबंध लिहिला. तार जिथं छेडावी, त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर निघू नये, असा भौतिकीचा जुना नियम आहे. आपल्या या वाद्यांत तो उपस्वरही स्वच्छ ऐकू येतो, आणि त्याचं कारण या उतरत्या घोडीत आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्यांनी ही घोडी पहिल्यांदा घडवली, त्यांच्यापुढे भौतिकीचं पुस्तक नव्हतं. कान होता.

मी त्या कारागिराला विचारलं, "या उताराचं माप किती?" तो हसला. "माप कुठलं साहेब? वडिलांनी हात धरून घासायला शिकवलं. आवाज आला की थांबायचं."

मिरजेत हे काम १८५० च्या सुमाराला सुरू झालं. फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातले. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार आणि झिलई देणारे. लढाया संपल्या, तलवारी म्यानात गेल्या आणि या हातांचं काम सुटलं. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, दरबारात गाणं-बजावणं चाले. गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ नवी वाद्यं घडवू लागले, असं तिथं सांगतात. पुढे या घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचं वास्तव्य मिरजेत होतं. विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथंच शिकले. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये पैगंबरवासी झाल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. आजही उरुसात तिथं त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेबांचा स्वतःचा हातही वाद्यदुरुस्तीत तयार होता. गवयाचा कान आणि कारागिराचा हात एकाच गावात शेजारी राहिले, त्यातून मिरजेचा तंबोरा घडला.

या तंबोऱ्याचं आणि आमच्या तालुक्यांचं एक नातं मला मिरजेत कळलं. तंबोऱ्याचा भोपळा बाजारातला दुधी नव्हे. तो कडू भोपळा. खाण्याच्या उपयोगाचा नाही, पण कवच जाड आणि टणक. हा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या काठावरून. आता बघा, बारामतीची कऱ्हा नीरेला मिळते, नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. म्हणजे आमच्या शिवारातून वाहून गेलेल्या पाण्यावरच तंबोऱ्याचा भोपळा पोसतो. मिरजेत भजनी वीणाही बनते. फरीदसाहेबांच्या परंपरेतल्या हातांनी घडवलेली वीणा माळकऱ्याच्या गळ्यात जाते आणि आमच्याच रस्त्यानं पंढरपूरकडे चालू लागते. यात कुणाला नवल वाटत नाही, हेच मला बरं वाटतं.

भोपळा आणला की लगेच वाद्य होत नाही. तो महिनोन् महिने वाळवतात. मग कापून, भिजवून, आतला गर खरवडून काढतात आणि आत काठ्यांचा ताण देऊन त्याला डौल आणतात. पुन्हा वाळवतात. मग गळा जोडायचा, तून जातीच्या हलक्या लाकडाची पोकळ दांडी बसवायची, भोपळ्याच्या तोंडावर पातळ लाकडाची तबली चढवायची. नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा, मणी आणि सगळ्यात शेवटी जवार. कुठलेही दोन भोपळे सारखे नसतात, म्हणून दोन तंबोरेही सारखे होत नाहीत. पुरुषाच्या आवाजासाठी मोठा भोपळा, बाईच्या आवाजासाठी लहान, एवढं ठरलेलं. बाकी भोपळा बघूनच ठरवायचं. यासाठी कागदावर काढलेला नकाशा लागत नाही. सगळं हातात आणि कानात असतं.

परतताना एसटीत मी विचार करत होतो. जे हातात आणि कानात आहे, ते एखाद्या पिढीनं पुढच्या पिढीच्या हातात दिलंच नाही तर? आणि मला हार्प्सिकॉर्डची आठवण झाली.

हे नाव अनेकांनी ऐकलं नसेल. हे युरोपातलं तारांचं वाद्य, पियानोच्या आधीचं. माझी आणि त्याची ओळख एका कॅसेटवर झाली. बाख या जर्मन संगीतकाराची रचना होती. ऐकताना वाटलं, कुणी पेटीच्या पट्ट्यांवर सतार वाजवतोय की काय. तो अंदाज फारसा चुकीचा नव्हता. पियानोत तारेवर हातोडी पडते. हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची पातळ चीप वर उचलली जाते. त्या चिपेत पक्ष्याच्या पिसाच्या देठाचा बारीक तुकडा बसवलेला असतो. वर जाताना तो तार छेडतो, खाली येताना मागे झुकून अलगद सरकतो, आणि चिपेवरचा कापडाचा तुकडा तारेवर टेकून आवाज थांबवतो. तंबोऱ्यात जे काम बोट करतं, ते इथं पीस करतं.

या वाद्याची आपल्या देशाशीही जुनी ओळख आहे. विल्यम हॅमिल्टन बर्ड नावाच्या गृहस्थानं १७८९ मध्ये कलकत्त्यात एक पुस्तक छापलं. त्यात हिंदुस्थानी गाण्यांच्या चाली हार्प्सिकॉर्डसाठी बसवल्या होत्या. पण या वाद्यात स्वर ओढता येत नाही, त्यामुळे मींड गेली आणि सांगाडा राहिला. तरी कुणाला तरी ते करावंसं वाटलं, हे विशेष.

सोळाव्या ते अठराव्या शतकापर्यंत युरोपात या वाद्याचं राज्य होतं. अँटवर्प शहरात रुकर्स नावाचं घराणं होतं, आपल्या सतारमेकरांसारखंच पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारं. त्यांची वाद्यं इतकी नावाजलेली, की शंभर वर्षांनंतरही पॅरिसचे कारागीर ती मिळवून, वाढवून, नव्यानं बांधून विकत. काही जण तर स्वतःच्या वाद्यावर रुकर्सचं नाव घालत. पण १७०० च्या सुमाराला इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानं पियानो घडवला. तो स्वतः हार्प्सिकॉर्डचाच कारागीर. हार्प्सिकॉर्डची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात फारसा फरक पडत नाही. पियानोत पडतो. दिवाणखाने जाऊन मोठी सभागृहं आली, लोकांची आवड बदलली आणि १८०० नंतर थोड्याच वर्षांत हार्प्सिकॉर्ड बनायचं थांबलं. कारागिरांची मुलं पियानोच्या कारखान्यात गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लोकांना पुन्हा या वाद्याची ओढ लागली. बाखचं संगीत ज्या आवाजासाठी लिहिलं, तो आवाज ऐकावासा वाटला. पण बनवणार कोण? शिकवणारा एकही उरला नव्हता. मग पियानो बनवणाऱ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे हार्प्सिकॉर्ड बनवलं. जाड लाकूड, जड बांधा, काहींत लोखंडी चौकट. जुन्या लोकांना जमलं नाही ते आम्ही सुधारलं, असा त्यांचा भाव होता. वाद्य दणकट झालं, पण आवाज कोंडला. इंदापूरच्या त्या सपाट घोडीसारखंच झालं म्हणा.

ही चूक ज्यांनी सुधारली, त्यांत फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड हे दोघे अमेरिकन होते. दोघेही इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी, हे कळल्यावर माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला अंमळ अभिमान वाटला. १९४९ मध्ये त्यांनी बोस्टनला कारखाना काढला. सुधारणा करायची नाही, जुन्यांनी जसं केलं तसंच करून बघायचं, असं त्यांनी ठरवलं. संग्रहालयांतली जुनी वाद्यं तपासली, फळ्यांची जाडी मोजली, तारांची लांबी मोजली. लक्षात आलं, की जुनी वाद्यं हलकी आहेत आणि तेच त्यांचं बळ आहे. तारांखालची आवाजाची फळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असे. हबर्डनं ही सगळी विद्या १९६५ मध्ये ग्रंथरूपानं मांडली. आज जगभर असे कारागीर आहेत. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथल्या संग्रहात पास्काल तास्कँ या पॅरिसच्या कारागिराचं १७६९ चं एक हार्प्सिकॉर्ड आहे. त्याच्या बरहुकूम किती वाद्यं बनली असतील, त्याला गणती नाही.

म्हणजे मेलेली विद्या जिवंत करता येते. मग काळजी कशाला? काळजी अशी, की सगळं परत येत नाही. पीस झिजतं आणि बदलावं लागतं. म्हणून संग्रहालयातल्या वाद्यावर मूळ कारागिरानं स्वतः कापून बसवलेलं पीस जवळजवळ कधी सापडत नाही. पेटी सापडते, फळी सापडते, कधी कधी तारही सापडते. पण तारेला जिथं स्पर्श व्हायचा, नेमका तो तुकडा गेलेला असतो. आजचा कारागीर पीस किंवा प्लॅस्टिकची पट्टी चाकूनं तासतो, ऐकतो, पुन्हा तासतो. मिरजेच्या त्या माणसासारखंच. फरक इतकाच, की मिरजेच्या माणसाला वडिलांनी हात धरून शिकवलं आणि त्या लोकांना दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात अंदाजानं शोधावा लागला.

तंबोऱ्याचंही तेच होईल. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुनी वाद्यं जपून ठेवली आहेत, ती जरूर बघावीत. उद्या कुणी एखाद्या जुन्या तंबोऱ्याची मापं घेईल, भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तबलीची जाडी लिहून काढेल. पण जवार वाजवण्यानं झिजते, आणि न वाजवता ठेवलेल्या तंबोऱ्याची जवार जुळलेली राहत नाही. ती दर काही काळानं नव्यानं काढावी लागते. काचेच्या कपाटात तंबोरा राहील, जवार राहणार नाही.

आणि धोके आहेत. बंगळुरात तयार झालेला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आता चार दशकांहून अधिक काळ घराघरांत आहे. आज तर मोबाइलवरही तंबोरा वाजतो. मी त्याला नावं ठेवणार नाही. खेड्यातल्या ज्या मुलीला तंबोरा परवडत नाही, तिला त्यानं सूर दिला. पण तो सूर दर वेळी तोच असतो. तो जुळवावा लागत नाही, म्हणून कान तयार होत नाही. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत आणि सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ती वाट हळूहळू बंद झाली आणि ते योग्यच झालं. आता हाडाची किंवा कृत्रिम घोडी येते. कारागीर तिच्याशी जुळवून घेतात, जसं हार्प्सिकॉर्डवाल्यांनी पिसाऐवजी प्लॅस्टिकशी घेतलं. भोपळ्याचं म्हणाल, तर ऊस सोडून कडू भोपळा लावा असं मी आमच्या बारामती-इंदापुरात कुणाला सांगितलं, तर लोक मला वेड्यात काढतील. आणि ज्या मुलाला पॉलिटेक्निकनंतर महिन्याच्या महिन्याला पगार मिळू शकतो, त्यानं कानशीवर दहा वर्षं का घालवावीत?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे. दुसऱ्या कुणी मिरजेचं नाव लावून वाद्य विकू नये, याची त्यानं सोय झाली. पण मानांकन नाव राखतं. हात राखायला गिऱ्हाईक लागतं. आपण करण्यासारखं फार मोठं काही नाही. घरात, देवळात, शाळेत एखादा तंबोरा किंवा वीणा मुकी पडली असेल, तर ती भिंतीला टांगू नका. जाणत्या हाताकडे न्या. दुरुस्तीचे पैसे देताना घासाघीस करू नका, कारण दोन घाशांचे ते पैसे नसतात, कुठं थांबायचं हे कळण्याचे असतात. आणि गाणं शिकणाऱ्या मुलाला महिन्यातून एकदा तरी खऱ्या तंबोऱ्याशेजारी बसवा.

माझ्या मित्राच्या मुलीचं आता रोज पहाटे त्याच तंबोऱ्यावर खर्ज चालतं. परवा ती मला म्हणाली, "काका, गंधार ऐकू येतो." मी कान लावला. मला आधी ऐकू आला नाही, मग आला.

जवार काढून झाल्यावर मिरजेच्या त्या कारागिरानं तंबोरा आमच्या हातात दिला, तेव्हा दोन्ही हातांनी दिला आणि जरासा वाकला. आम्हीही नकळत वाकलो. वारीत वीणा बदलताना माणसं वाकतात तसेच. त्याच्या मागे एक पोरगा भोपळा खरवडत बसला होता, बारा-तेरा वर्षांचा. शाळा सुटल्यावर येतो म्हणे. त्याचं लक्ष आमच्याकडे नव्हतं, तारेकडे होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)